छोटे विमान, दुसरा देश: विदर्भातल्या नव्या वैमानिकांसाठी कस्टम-इमिग्रेशनची तयारी

गोंदियाजवळच्या बिरसीच्या धावपट्टीवर शिकाऊ विमानांची ये-जा आता रोजचीच झाली आहे. तिरोडा, आमगावकडच्या घरांत विमान चालवणारे कुणी ना कुणी ओळखीचे निघते. लायसन्स हातात आले की पुढे उड्डाणाचे तास जमवायचे असतात. त्यासाठी कुणी अमेरिकेत जातो, कुणी कॅनडात, कुणी दक्षिण आफ्रिकेत. तिथे कधीतरी असा दिवस येतो की चार आसनांचे विमान घेऊन शेजारच्या देशात जायचे ठरते. उडण्याची तयारी सगळे जीव लावून करतात: वारा, इंधन, वजन, नकाशे. कागद मात्र ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणून राहून जातात, आणि माणूस नेमका तिथेच अडकतो.

प्रवासी विमान कंपनीत कागद बघायला वेगळी माणसे असतात. चार आसनी विमानात कंपनी तुम्हीच, एजंट तुम्हीच आणि कॅप्टनही तुम्हीच. मागे बसलेल्या मित्राचा व्हिसा संपलेला असेल, तर पहिला प्रश्न तुम्हाला विचारला जातो. अमेरिकेत प्रवाशांची आगाऊ यादी न पाठवता सीमा ओलांडली तर पहिल्याच चुकीला ५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, पुढच्या प्रत्येक चुकीला १०,००० पर्यंत. घरच्यांनी वावर गहाण ठेवून पाठवलेल्या पोराला किंवा पोरीला हा दंड परवडणारा नाही, आणि व्हिसावर येणारे बालंट तर त्याहून नाही. म्हणून हा लेख थोडा सविस्तर लिहितो आहे.

सुरुवातीला एक गोष्ट पक्की समजून घ्या. सीमा ओलांडताना तीन वेगवेगळी खाती तुमच्याकडे बघतात. नागरी विमान खाते विमान बघते, इमिग्रेशन माणसे बघते आणि कस्टम सामान बघते. कस्टमच्या लेखी तुमचे विमान हेसुद्धा सामानच आहे. एका खात्याने हो म्हटले म्हणजे बाकीच्या दोघांनी म्हटले, असे होत नाही. जगभरच्या या नियमांचा पाया १९४४ च्या शिकागो करारात आहे, त्यामुळे देश बदलला तरी कागदांचा सांगाडा ओळखीचाच राहतो.

आधी नावे आणि तारखा जुळवा

हे काम उड्डाणाच्या आदल्या आठवड्यात होणारे नाही. निदान चार-सहा महिने आधी हाती घ्या. सातबाऱ्यावर एक नाव आणि पासबुकावर दुसरे असले की पीककर्ज कसे अडते, हे शेतकऱ्याच्या घरात सांगायला नको. सीमेवरही तसेच अडते.

आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव छापलेले असते. डीजीसीएचा (भारताच्या नागरी विमान खात्याचा) संगणक क्रमांक, म्हणजे वैमानिकाच्या परीक्षेसाठीचा ओळख क्रमांक, दहावीच्या कागदावरून निघतो. पासपोर्टवर मात्र आडनावाचा रकाना वेगळा आणि बाकी नावाचा वेगळा. समजा पूर्ण नाव राऊत प्रवीण ज्ञानेश्वर असे आहे. अमेरिकेतल्या शाळेने ते गुणपत्रिकेवरून उतरवले की ‘राऊत’ पहिले नाव होऊन बसते आणि ‘ज्ञानेश्वर’ आडनाव. त्यात ज्ञानेश्वरचे इंग्रजी स्पेलिंग एका कागदावर डीपासून सुरू होते, दुसऱ्यावर जीपासून. ठाकरे, वानखडे, राहांगडाले या आडनावांतही एखादे अक्षर इकडचे तिकडे झालेले हमखास सापडते.

यावर उपाय एकच. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी बाणांसारख्या खुणांच्या दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ अक्षरांच्या. इमिग्रेशनचे यंत्र त्याच ओळी वाचते. तिथे जसे नाव आहे, तसेच्या तसे प्रत्येक अर्जावर भरायचे. वडिलांचे नाव तिथे असेल तर अर्जावरही हवे, नसेल तर स्वतःहून घालायचे नाही. लायसन्सवर वेगळे असेल तर ज्या खात्याने लायसन्स दिले त्यांच्याकडून दुरुस्त करून घ्या. पासपोर्टच चुकीचा असेल तर नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीत, बहुतेक वेळा जिल्ह्याच्या टपाल कार्यालयातल्या सेवा केंद्रातून, तो पुन्हा काढावा लागतो. आधी पासपोर्ट, मग व्हिसा, मग लायसन्स, हा क्रम मोडू नका. उलट दिशेने गेलात तर सगळेच दोनदा करावे लागते.

जन्मतारखेचे वेगळे सांगतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहून टाकायची पद्धत आपल्या खेड्यांत वडिलांच्या पिढीत सर्रास होती. अजूनही काही घरांत जन्मदाखल्यावर एक तारीख आणि टीसीवर दुसरी निघते. पासपोर्टवरची तारीख हीच तुमची तारीख, असे ठरवून टाका. अमेरिकेत आणखी एक फरक पडतो. तिथे महिना आधी लिहितात आणि दिवस नंतर. आपण ०१/०६ असे १ जून लिहिले तर तिथला संगणक ६ जानेवारी वाचतो. दिवस १२ च्या पुढचा असेल तर अर्ज स्वीकारलाच जात नाही आणि चूक लगेच कळते. १ जूनवाल्यांचा अर्ज मात्र गुपचूप स्वीकारला जातो आणि अधिकाऱ्यासमोर उभे राहिल्यावर तारीख जुळत नाही. पाठवण्याआधी दुसऱ्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला लावा.

पासपोर्ट प्रवासाच्या तारखेपासून पुढे किमान सहा महिने चालू असावा. तुम्ही परदेशात शिकत असाल तर जायच्या देशाचा व्हिसा आणि परत यायचा व्हिसा, दोन्ही तपासा. भारतीय पासपोर्टवर कॅनडात जायला व्हिसा लागतो. अमेरिकेत शिकणाऱ्यांनी आय-२० वर, म्हणजे शाळेने दिलेल्या विद्यार्थी प्रमाणपत्रावर, शाळेतल्या अधिकाऱ्याची प्रवासासाठीची ताजी सही घेतल्याशिवाय सीमा ओलांडू नये. ती सही नसेल तर जाणे सोपे आणि परत येणे अवघड होते. तसेच सोबत कुणी अठरा वर्षांखालचे असेल तर आई-वडील दोघांचेही लेखी संमतिपत्र ठेवा.

आणि पैसे घेऊन कुणाला नेऊ नका. खासगी लायसन्सवर ते चालत नाही, विद्यार्थी व्हिसावर तर मुळीच नाही. येण्याचे कारण विचारले की खरे तेच सांगा.

विमानाची फाइल

शिकागो करारानुसार सीमा ओलांडणाऱ्या विमानात काय काय असले पाहिजे, याची यादी ठरलेली आहे: नोंदणी प्रमाणपत्र, उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र, प्रत्येक चालकाचे लायसन्स, प्रवास नोंदवही, रेडिओ असेल तर रेडिओचे लायसन्स, प्रवासी असतील तर त्यांच्या नावांची यादी आणि माल असेल तर मालाची. वैद्यकीय प्रमाणपत्र अर्थात लायसन्ससोबतच.

यातले रेडिओचे लायसन्स सगळ्यात जास्त वेळा राहते. अमेरिकेत देशातल्या देशात उडायला ते लागत नाही, त्यामुळे शाळेच्या विमानात ते नसते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. सीमा ओलांडायची म्हटली की विमानाचे रेडिओ स्टेशन लायसन्स आणि तुमचा स्वतःचा रेडिओ ऑपरेटर परवाना, दोन्ही लागतात. आपल्याकडे भारतात वैमानिकाला रेडिओचे लायसन्स मुळातच काढावे लागते, म्हणून आपली पोरे तेच पुढे करतात. ते भारतीय विमानासाठी आहे. ज्या देशाची नोंदणी विमानाच्या शेपटीवर रंगवलेली आहे, त्या देशाचे लायसन्स हवे, हा नियम वैमानिकाच्या लायसन्सलाही लागू आहे. वैमानिकाचे लायसन्स व्हीटी अक्षरांच्या भारतीय विमानाला डीजीसीएचे, एन अक्षराच्या अमेरिकी विमानाला तिथल्या नागरी विमान खात्याचे, म्हणजे एफएएचे.

शेपटीवरची अक्षरेही मोजून घ्या. अमेरिकेच्या हवाई संरक्षण ओळख पट्ट्यातून बाहेरून आत यायचे असेल तर नोंदणीची अक्षरे १२ इंच उंचीची लागतात. जुन्या काही विमानांवर ती ३ इंचांची असतात. अशा वेळी तात्पुरती चिकटवलेली मोठी अक्षरे चालतात, पण निघायच्या दिवशी सकाळी ती कुठून आणणार?

भाड्याच्या विमानासाठी आणखी दोन कागद: विमान देशाबाहेर न्यायला मालकाची लेखी परवानगी आणि विमा त्या देशात लागू आहे असे दाखवणारा पुरावा. मेक्सिकोला तिथलाच विमा लागतो. अमेरिकेत कस्टमचा वार्षिक शुल्क भरल्याचा स्टिकर विमानावर आहे का, तेही बघा.

एफएएच्या लायसन्सवर ज्यांचा पत्ता अजून गावाकडचाच आहे, म्हणजे मुक्काम पोस्ट अमुक, तालुका दारव्हा, त्यांना २०२५ पासून अमेरिकेतला एक प्रतिनिधी नेमून तशी नोंद करावी लागते. हे उड्डाणापुरते नाही, पण नोंद नसेल तर लायसन्सच वापरता येत नाही, म्हणून इथे सांगून ठेवतो.

कुठून निघायचे, कुठे उतरायचे

सीमा ओलांडणारे विमान कुठल्याही धावपट्टीवरून निघू शकत नाही आणि कुठेही उतरू शकत नाही. ज्या विमानतळावर कस्टम आणि इमिग्रेशन आहे, तिथूनच शेवटचे उड्डाण आणि तिथेच पहिली उतरण. आपल्या देशात हे १९६२ च्या कस्टम कायद्याने बांधलेले आहे. विदर्भात असा विमानतळ नागपूरचा, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ. जुनी माणसे अजूनही सोनेगाव म्हणतात. बिरसी, यवतमाळ, अकोल्याची शिवणी, चंद्रपूरजवळचे मोरवा, यांपैकी कुठूनही थेट परदेशी जाता येत नाही.

उदाहरणाने बघू. समजा व्हीटी नोंदणीचे विमान घेऊन बिरसीहून काठमांडूला जायचे आहे. नागपूरहून सरळ रेषेत अंतर हजार किलोमीटरच्या थोडे आत भरते. सेसना १७२ च्या पुस्तकातली मर्यादा याहून जास्त असली, तरी डोंगराकडे जाताना राखीव इंधन धरले की मधे एक थांबा घेणे शहाणपणाचे. तो थांबा वाराणसीला घेतलात तर तिथेही कस्टम आणि इमिग्रेशन आहे. मग बिरसी ते वाराणसी हे देशांतर्गत उड्डाण होते आणि शिक्के वाराणसीला बसतात. नागपूरला शिक्के मारून घेऊन पुन्हा वाराणसीला उतरायचे, असे करू नका, कारण शिक्का बसला की कागदोपत्री तुम्ही देश सोडलेला असतो. शेवटचा थांबा कुठला, हे ठरल्याशिवाय एकही अर्ज भरायला घेऊ नये. पिस्टन इंजिनाचे ॲव्हगॅस सगळीकडे मिळत नाही, म्हणून त्या थांब्यावर इंधन आहे का, हा फोन सगळ्यात आधी.

भारतातून निघताना कस्टमला प्रस्थानाची यादी द्यावी लागते आणि त्यांचा लेखी आदेश मिळाल्याशिवाय विमान हलवता येत नाही. छोट्या विमानासाठी अधिकारी दिवसभर बसून नसतात. विमानतळ चालवणाऱ्यांकडून किंवा हॅण्डलिंग एजंटकडून वेळ आधी ठरवून घ्या, आणि ती ईमेलवर लेखी घ्या. एजंट म्हणजे खर्च वाटतो, पण पहिल्या वेळी तो करावा असे माझे स्पष्ट मत आहे. कुठल्या खोलीत कुणाची सही, हे त्याला पाठ असते.

शिकागो कराराच्या पाचव्या कलमात अनियमित उड्डाणांना आगाऊ परवानगीशिवाय येऊ देण्याची भाषा आहे. प्रत्यक्षात आपल्या भागातले बहुतेक देश परवानगी क्रमांक मागतात. तो ज्या देशात उतरायचे आणि ज्याच्यावरून जायचे, त्या प्रत्येकाकडून घ्यायचा आणि फ्लाइट प्लॅनच्या अठराव्या रकान्यात लिहायचा. भारतात उडताना हवाई संरक्षणाच्या मंजुरीचा एडीसी क्रमांक वेगळा, तो विसरू नका. नेपाळला भारतीय नागरिकाला व्हिसा लागत नाही, विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालते. तरी स्वतः विमान नेताना पासपोर्टच न्या, कारण बाकीचे सगळे कागद त्याच्याशी जुळवलेले आहेत.

विमानाच्या आधी कागद

देश कुठलाही असो, अधिकाऱ्याच्या टेबलावर तुमचा कागद तुमच्या आधी पोचलेला असला पाहिजे. किती आधी, ते मात्र देशागणिक बदलते.

अमेरिकेत ईएपीआयएस नावाच्या यंत्रणेतून माणसांची आणि विमानाची माहिती निघण्याच्या किमान ६० मिनिटे आधी पाठवायची, जातानाही आणि येतानाही. दोन्ही याद्या निघण्यापूर्वीच भरून टाकता येतात. पलीकडच्या छोट्या विमानतळावर नेट मिळेल याचा भरवसा नसतो. उत्तर म्हणून ईमेल येतो, त्याची छापील प्रत फाइलमध्ये. तेवढ्याने काम संपत नाही. ज्या विमानतळावर उतरायचे तिथल्या कस्टम कार्यालयाला स्वतः फोन करून उतरण्याची परवानगी घ्यावी लागते. फ्लाइट प्लॅनमध्ये शेरा लिहिला की कस्टमला कळते, ही जुनी समजूत आता चालत नाही. फोनवर बोललेल्या अधिकाऱ्याचे नाव आणि वेळ कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. माणूस किंवा विमान बदलले तर यादी पुन्हा पाठवायची, वेळ बदलली तर फोन करायचा.

कॅनडात पोचण्याच्या किमान २ तास आणि जास्तीत जास्त ४८ तास आधी सीमा खात्याच्या केंद्राला फोन करायचा, उतरल्यावर पुन्हा एक फोन करायचा आणि मिळालेला क्रमांक लिहून घ्यायचा. ब्रिटनमध्ये २०२४ च्या एप्रिलपासून जनरल एव्हिएशन रिपोर्ट (खासगी विमानांची आगाऊ माहिती) निघण्याच्या किमान २ तास आधी ऑनलाइन भरणे सक्तीचे आहे. युरोपच्या शेंगेन देशांत बाहेरून जाताना उड्डाणापूर्वीच जनरल डिक्लेरेशन (हा फॉर्म पुढे समजावला आहे) तिथल्या सीमा पोलिसांना पाठवावे लागते. दक्षिण आफ्रिकेतून बोत्स्वानाला जाणारी आपली पोरे बहुधा जोहान्सबर्गजवळच्या लॅन्सेरिया विमानतळावरून निघतात. तिथेही आडबाजूच्या गवताळ पट्टीवरून थेट सीमापार जाता येत नाही.

या सगळ्या वेळा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेत, मोजा. भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. आपल्याकडे मध्यरात्र उलटून दोन वाजलेले असतात तेव्हा यूटीसीमध्ये आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेआठ असतात. परवानगी एका तारखेची आणि फ्लाइट प्लॅन दुसऱ्या तारखेचा, असा घोळ इथूनच होतो. कागदावर तारखेच्या शेजारी यूटीसी की स्थानिक, हे प्रत्येक वेळी लिहायची सवय लावा.

जनरल डिक्लेरेशन

वैमानिक त्याला ‘जेन डेक’ म्हणतात. एका पानाचा हा फॉर्म जवळजवळ सगळे जग ओळखते. वर विमान चालवणाऱ्याचे नाव (खासगी विमानात तुमचेच किंवा मालकाचे), नोंदणी, तारीख, कुठून, कुठे. मधे मार्गातले थांबे, चालकांची नावे आणि या टप्प्यातल्या प्रवाशांची संख्या. खाली आरोग्याचा भाग: विमान लागण्याचा त्रास किंवा अपघाताची दुखापत सोडून कुणी आजारी आहे का, आणि कीटकनाशक फवारणी झाली आहे का. शेवटी सही. माल नसेल तर रकाना कोरा ठेवू नका, ‘नाही’ असे स्पष्ट लिहा. कोऱ्या जागेत नंतर काहीही भरता येते, म्हणून कोरी जागा बघितली की अधिकारी थांबतो.

निघताना आणि पोचताना वेगवेगळी खाती एकेक प्रत ठेवून घेतात आणि तुमच्या प्रतीवर शिक्का देतात. म्हणून प्रत्येक टप्प्याच्या भरपूर प्रती छापून न्या. शिक्का मारलेली प्रत ही त्या देशातून तुम्ही रीतसर निघालात याची पावती आहे. पुढचा देश ती मागतो. २०१९ मध्ये भारतीय वैमानिक आरोही पंडित हलक्या क्रीडा विमानातून एकटीने अटलांटिक पार करून गेली. स्कॉटलंड, आइसलंड, ग्रीनलंड, कॅनडा: इंजिन एकच, माणूस एकच, पण कागद प्रत्येक देशाला वेगळा द्यावाच लागतो.

आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या पिवळ्या तापाच्या देशांतून भारतात यायचे असेल तर लसीचे प्रमाणपत्र लागते, आणि ते लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होते. परतीच्या आदल्या दिवशी टोचून घेऊन उपयोग नाही.

पिशवीतले सामान

आईने दिलेला डबा हा आपल्या पोरांचा हळवा विषय, पण इथे कठोर व्हावे लागते. संत्रे, कुठलेही ताजे फळ, बी-बियाणे, मांस, घरचे तूप: सीमेवर हे सगळे सांगायचे. अमेरिकेत खाण्याची वस्तू लपवली तर दंड १०,००० डॉलरपर्यंत जाऊ शकतो; सांगितली तर फार झाले तर ती तिथे टाकून देतात. जवसाची चटणी, कुरड्या, पापड असे वाळवण बहुधा अडत नाही, तरी ‘खाण्याचे आहे’ म्हणून सांगायचेच. कॅनडाहून परतताना विमानाच्या दाराच्या कप्प्यात राहून गेलेले अर्धे संत्रेही मोजले जाते, म्हणून उतरण्याआधी कप्पे रिकामे करा. खर्रा नेऊ नका, मित्रालाही नेऊ देऊ नका. आखाती देशांत जाणार असाल तर अनारशांची खसखस घरी ठेवा; संयुक्त अरब अमिरातीत ती अमली पदार्थात मोडते.

रोख रक्कम १०,००० डॉलरच्या वर असेल तर अमेरिकेत घोषित करावी लागते. भारतात परत येताना ५,००० डॉलरहून जास्त नोटा किंवा एकूण १०,००० डॉलरहून जास्त परकीय चलन असेल तर फॉर्म भरायचा. भारतातून निघताना महागडा हेडसेट, टॅब्लेट, अंगावरचे सोने यांची नोंद कस्टमकडे करून एक्सपोर्ट सर्टिफिकेट घ्या, म्हणजे परतताना त्याच वस्तूंवर कर मागितला जात नाही.

उपग्रहावरून संदेश पाठवणारी छोटी यंत्रे परदेशातले वैमानिक सुरक्षेसाठी बाळगतात आणि ते चांगलेच आहे. भारतात मात्र परवान्याशिवाय उपग्रह फोन किंवा असे यंत्र आणणे गुन्हा आहे, आणि परदेशी प्रवासी यावरून पकडले गेले आहेत. विमान घेऊन भारतात येणार असाल तर परवाना आधी घ्या, नाहीतर यंत्र बाहेरच ठेवा.

उतरल्यावर

कस्टमसाठी ठरवलेल्या जागी विमान उभे करायचे, इंजिन बंद करायचे आणि अधिकारी येईपर्यंत आत बसायचे. नागपूरच्या मे महिन्यात काचेखाली बसणे किती कठीण, ते मला माहीत आहे. दार किंचित उघडून हवा घेता येईल का, हे टॉवरला विचारा, पण खाली उतरू नका, पिशवी उतरवू नका, फोटोसाठी कुणाला पंखाजवळ बोलावू नका. पासपोर्ट, जेन डेक, ईमेलची प्रत, नोंदणी, लायसन्स, या क्रमाने फाइल मांडीवर तयार ठेवा. विचारले तेवढेच उत्तर द्या, आणि आठवत नसेल तर अंदाज सांगू नका, कागद बघून सांगा.

वाटेत वावरात उतरावे लागले तर

कागदांच्या पुस्तकात हे प्रकरण सहसा नसते, पण आपल्या भागातल्या माणसाने ते नीट वाचले पाहिजे. समजा परदेशातून नागपूरकडे येताना इंजिनाने दगा दिला आणि घाटंजीकडच्या एखाद्या वावरात, पऱ्हाटीत विमान टेकवावे लागले. माणसे सुखरूप आहेत. कायद्याच्या दृष्टीने तुम्ही कस्टम नसलेल्या जागी परदेशातून उतरला आहात. कस्टम कायद्याच्या २९ व्या कलमात याची सोय आहे: अपघात, हवामान किंवा अटळ कारणाने असे झाले तर जवळच्या कस्टम अधिकाऱ्याला किंवा पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला ताबडतोब कळवायचे, मागितली तर प्रवास नोंदवही दाखवायची, आणि त्यांच्या संमतीशिवाय सामान उतरवू द्यायचे नाही की माणसे तिथून हलू द्यायची नाहीत. जीव, प्रकृती, सुरक्षा किंवा मालमत्ता वाचवायची असेल तर ही बंदी नाही. आगीचा धोका असेल तर आधी दूर व्हा, जखमीला आधी दवाखान्यात न्या.

प्रत्यक्षात काय होईल? पाच मिनिटांत पांदणीने गावचे पोट्टे धावत येतील. आपल्याकडची माणसे मदतीला मागेपुढे बघत नाहीत. कुणी पाणी आणेल, कुणी चांगल्या मनाने तुमच्या पिशव्या उचलून धुऱ्यावर नेऊन ठेवेल. तिथेच हात जोडून थांबवा: ‘दादा, साहेब येईपर्यंत सामानाला हात नका लावू, कायद्याचं काम आहे.’ गावच्या पोलीस पाटलांना बोलवा, त्यांच्याकरवी ठाणेदारांना फोन लावा किंवा ११२ फिरवा. रेडिओवर हवाई वाहतूक नियंत्रणाला आधी कळवलेले असेलच, नसेल तर फोनने कळवा, म्हणजे पुढे अपघात चौकशी खात्यालाही वर्दी जाते. किती वाजता कुणाला कळवले, ते नोंदवहीत लिहा. पोलीस पाटलांची सही मिळाली तर उत्तमच. शेतमालकाच्या पिकाचे नुकसान झालेले असते, त्याचा पंचनामा त्याच वेळी करून घ्या. विम्याच्या दाव्याला तो लागतो आणि त्या शेतकऱ्याचा तो हक्क आहे.

परत आल्यानंतरचे दोन दिवस

फ्लाइट प्लॅन बंद केला का, ते बघा. नियंत्रण मनोरा नसलेल्या विमानतळावर तो आपोआप बंद होत नाही, आणि तुम्ही घरी झोपलेले असताना शोधपथक निघू शकते. प्रवास नोंदवहीत दोन्ही टप्पे भरा. जेन डेकच्या शिक्का असलेल्या प्रती आणि ईएपीआयएसचे ईमेल एका पाकिटात ठेवा, त्यावर तारीख आणि विमानाचा क्रमांक लिहा. एअरलाइनच्या मुलाखतीत तासांचा पुरावा मागतात तेव्हा हेच पाकीट उघडावे लागते.

अमेरिकेत परतलेल्यांनी त्याच दिवशी आय-९४ ची, म्हणजे देशात आल्याची सरकारी, नोंद ऑनलाइन उघडून बघावी: नाव, जन्मतारीख, व्हिसाचा वर्ग आणि मुदत. एफ-१ आणि एम-१ हे विद्यार्थी व्हिसाचे वर्ग; एफ-१ वाल्यांना शिक्षण चालू असेपर्यंत मुदत असते, एम-१ वाल्यांना ठरावीक तारीख. पर्यटक म्हणून चुकून नोंद झाली असेल तर दुरुस्तीसाठी ज्या कस्टम कार्यालयातून आत आलात तिथे किंवा जवळच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावरच्या कस्टम कार्यालयात, शक्यतो दुसऱ्या दिवशीच, पासपोर्ट, आय-२० आणि जेन डेकची शिक्का असलेली प्रत घेऊन जा.